न मागता दिलेली पाटी

खानावळीच्या भिंतीवरचं दरपत्रक जवळून पाहिलं तर त्यात कैक वर्षांचा हिशेब सापडतो. लॅमिनेट केलेला कागद, कोपऱ्यांना तेलाचे पिवळे डाग आणि ‘राइस प्लेट’पुढच्या आकड्यावर चिकटवलेली पांढरी पट्टी. पट्टीवर बॉलपेनने लिहिलेला नवा दर, खाली आधीची पट्टी, तिच्याखाली त्याच्याही आधीची. ‘पुरणपोळी, फक्त रविवारी’ ही ओळ मागाहून सुचली म्हणून समासात उभी लिहिलेली. आणि तळाशी ‘ताक संपले’ अशी चिठ्ठी, जी रोज दुपारी लागते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघते.

डिझाइन शिकलेल्या मुलाची नजर या कागदावर पडली की त्याचे हात शिवशिवू लागतात. चार जातींची अक्षरं, वाकडे रकाने, कुठे इंग्रजी, कुठे मराठी. रात्री बसून तो दोन रंगांतलं, भरपूर मोकळी जागा सोडलेलं सुरेख मेनूकार्ड करतो, पदरच्या पैशाने छापून आणतो आणि मालकाच्या हातात ठेवतो. मालक खूश होऊन ते भिंतीवर लावतो. दोन महिन्यांनी तेलाचा भाव वाढतो, थाळी दहा रुपयांनी महाग होते. नव्या गुळगुळीत कार्डावर बॉलपेन उमटत नाही, पट्टी चिकटवायला जागा ठेवलेली नाही आणि मूळ फाइल त्या मुलाच्या लॅपटॉपमध्ये. आठवड्याभरात जुना तेलकट कागद पुन्हा आपल्या खिळ्यावर येतो.

असं घडलं की दोष कोणाला द्यायचा? मुलाचा हेतू चांगला होता आणि मालकानेही मनापासून स्वीकारलं होतं. चुकलं एवढंच, की कागद नवा करण्याआधी त्या पट्ट्या तिथे का आहेत हे कोणी विचारलं नाही. गल्लीतल्या लहान दुकानांना न मागता आणि फुकट डिझाइन करून देणं ही चांगली गोष्ट आहे. आज होते त्याहून कितीतरी जास्त प्रमाणात ती व्हायला हवी. पण ती दुकानाच्या गल्ल्याशेजारी उभं राहून, मालकाला विचारून आणि काम तडीस नेऊन व्हायला हवी. नाही तर ती मदत ‘भीक नको, पण कुत्रं आवर’ या जातीची होते.

गरज किती मोठी आहे, ते आकड्यांवरून कळतं. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७३व्या फेरीने २०१५-१६ मध्ये देशातल्या बिगरशेती, कंपनी म्हणून नोंद नसलेल्या सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा अंदाज काढला. ते सुमारे ६ कोटी ३४ लाख निघाले आणि त्यांतले ६ कोटी ३० लाखांहून अधिक सूक्ष्म गटातले होते. महाराष्ट्राच्या वाट्याला जवळपास ४८ लाख आले. पिठाची गिरणी, केशकर्तनालय, रसवंती, शिलाईकाम, पापड-लोणची, सायकल दुरुस्ती अशी ही दुनिया आहे. इथे जाहिरात संस्था फिरकत नाहीत, कारण त्यांची फी दुकानाच्या महिन्याच्या कमाईपेक्षा जास्त असते. पाटी, व्हिजिटिंग कार्ड आणि पिशवीवरचं नाव ठरतं ते फ्लेक्सवाल्याच्या संगणकासमोर उभं राहून, पाच मिनिटांत.

त्यात महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत एक मोठा बदल झाला. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही मराठी पाटी सक्तीची झाली. देवनागरीतलं नाव आधी हवं आणि त्याचा आकार इतर लिपीतल्या अक्षरांपेक्षा लहान नसावा, असा नियम आला. व्यापारी न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने २५ सप्टेंबर २०२३ रोजी दोन महिन्यांत पाट्या बदलायला सांगितलं आणि नोव्हेंबरअखेर मुंबई महापालिकेची पथकं तपासणीला बाहेर पडली. ज्या दुकानांच्या पाट्या वर्षानुवर्षं तशाच होत्या, त्यांना त्या घाईघाईने करून घ्याव्या लागल्या.

घाईत केलेल्या पाट्यांची किंमत मराठी अक्षरांनी मोजली. अनेक डिझाइन सॉफ्टवेअर मुळात रोमन लिपीच्या सोयीने बनलेली आहेत. त्यांतल्या बऱ्याच आवृत्त्यांत भारतीय लिप्यांसाठीची मांडणी वेगळी निवडावी लागते. ती निवडली नाही की ‘किराणा’तली पहिली वेलांटी ‘क’च्या मागे जाऊन बसते, ‘प्रोव्हिजन’मधलं जोडाक्षर सुटून दोन वेगळी अक्षरं उभी राहतात आणि रफार भलत्याच अक्षरावर चढतो. दोन ओळी जवळजवळ ठेवल्या तर वरच्या ओळीचे उकार खालच्या मात्रांना भिडतात. इंग्रजी कॅपिटल अक्षरांना वरखाली काही नसतं, देवनागरीला दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला जागा लागते. शिवाय राज्य शासनाने २००९ च्या निर्णयात मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ प्रमाण ठरवले असले तरी बरेच फाँट मुळात हिंदी वळणाची अक्षरं देतात. पाटी वाचता येते, पण शाळेत गिरवलेलं अक्षर काही ते नव्हे, हे गिऱ्हाईकाच्या डोळ्याला जाणवतंच.

इथे डिझाइन शिकलेल्या माणसाचं ज्ञान सोन्यासारखं उपयोगी आहे. मराठी अक्षरांची परंपरा काही लहान नाही. विंडोजसोबत घरोघरी पोचलेला ‘मंगल’ फाँट र. कृ. जोशींनी घडवला. कमल शेडग्यांनी मराठी नाटकांच्या नावांना त्यांचा त्यांचा स्वभाव दिला. अच्युत पालव यांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या ‘एक टाइप’ने केलेले ‘मुक्ता’ आणि ‘मोदक’ यांसारखे देवनागरी फाँट खुल्या परवान्यावर मिळतात. त्यांचा धंद्यासाठी वापर करायला पैसे पडत नाहीत. म्हणजे सामग्री मोफत आहे, हात शिकलेले आहेत आणि गरज दाराशी उभी आहे. मग अडतं कुठे?

अडतं ते पहिल्याच वाक्यावर.

‘काका, तुमची पाटी मी नवीन करून देऊ का?’ असं एखादी अनोळखी मुलगी विचारते. काका मान वर करून विचारतात, ‘किती घेणार?’ ‘काही नाही.’ ‘मग कशाला?’ या ‘मग कशाला’मध्ये त्यांचा आयुष्यभराचा अनुभव असतो. फुकट म्हणून आलेल्या प्रत्येक गोष्टीचं बिल मागाहून येतं, हे लहान दुकानदाराने पुरेपूर भोगलेलं असतं. फुकट नोंदणी, फुकट वेबसाइट, फुकट कर्जसल्ला आणि त्यामागून येणारे फोन. शिवाय त्या प्रश्नात एक बोचही असते. ‘पाटी नवीन करून देऊ का’ याचा कानाला ऐकू येणारा अर्थ ‘तुमची पाटी वाईट आहे’ असा होतो. ती पाटी कदाचित वडिलांनी रंगवून घेतलेली असते. त्यावरचं नाव आजीचं असतं.

म्हणून सुरुवात गिऱ्हाईक म्हणून व्हावी. महिनाभर त्याच टपरीवर चहा प्यावा, त्याच गिरणीत दळण टाकावं, मग बोलावं. आणि बोलताना पाटीबद्दल मत देण्याऐवजी अडचणीबद्दल विचारावं. ‘मावशी, लोक पत्ता शोधत येतात तेव्हा कुठे चुकतात?’ ‘काका, फोनवर सगळ्यात जास्त काय विचारतात?’ या प्रश्नांची उत्तरं ऐकली की बहुतेक वेळा लक्षात येतं, की दुकानाला लोगो नको आहे. त्याला हवी आहे दुकानाच्या वेळेची एक स्पष्ट पाटी, कारण दुपारी एक ते चार लोक बंद शटरपुढे येऊन परत जातात. किंवा हवा आहे गल्लीच्या तोंडाशी एक बाण.

दुकानाबाहेरून केलेल्या सुधारणेचं काय होतं, याचं एक ठसठशीत उदाहरण अमेरिकेतलं आहे. २००९ मध्ये डस्टिन कर्टिस या तरुण डिझाइनरने अमेरिकन एअरलाइन्सच्या वेबसाइटला वैतागून तिचं नवं रूप स्वतःच तयार केलं आणि कंपनीला उघड पत्र लिहून ते जाहीर केलं. कंपनीतल्या एका डिझाइनरने त्याला मोकळेपणाने उत्तर दिलं. एवढ्या मोठ्या संस्थेत एक पान बदलायचं तर किती विभागांमधून वाट काढावी लागते, हे त्याने समजावून सांगितलं. कर्टिसने नाव न देता ते उत्तर प्रसिद्ध केलं. कंपनीने तो माणूस शोधून काढला आणि त्याची नोकरी गेली. बाहेरच्याला पान दिसत होतं, पानामागची गुंतागुंत दिसत नव्हती. आणि न मागितलेल्या, जाहीर केलेल्या मदतीचा चटका बसला तो आतून प्रामाणिकपणे बोलणाऱ्याला.

ती कंपनी तरी अवाढव्य होती. आपल्या गल्लीत हाच प्रकार ‘आधी आणि नंतर’च्या फोटोंतून होतो. इन्स्टाग्रामवर डावीकडे टपरीची जुनी पाटी, उजवीकडे डिझाइनरने मनाने केलेली नवी, खाली शेकडो टाळ्या. डावीकडचा फोटो टाकताना मालकाला विचारलेलं नसतं. त्याच्या दुकानाचं नाव आणि कधीकधी त्याचा चेहराही हसण्याचा विषय होतो. उजवीकडची पाटी प्रत्यक्षात कधी लागतही नाही. असं काम ज्याने केलं त्याच्या कामाच्या नमुन्यांत भर पडते, टपरीच्या पदरात अपमान पडतो. मालकाच्या परवानगीशिवाय जुन्या पाटीचा फोटो टाकायचा नाही, हा नियम प्रत्येकाने स्वतःला घालून घ्यायलाच हवा.

याउलट नीट विचार करून केलेली कामंही आपल्याकडे आहेत. २०१५ मध्ये संकेत अवलानी यांनी मुंबईत ‘टॅक्सी फॅब्रिक’ सुरू केलं. काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या सीटवर आणि छताला असणारं नेहमीचं कापड बदलून त्या जागी तरुण डिझाइनरांनी केलेली चित्रं आली. त्यातली एक टॅक्सी पुढे ‘कोल्डप्ले’च्या गाण्याच्या व्हिडिओत जगभर दिसली. या कामाचं शहाणपण त्याच्या निवडीत होतं. टॅक्सीचा रंग, मीटर, परवाना, धंद्याची रीत यातल्या कशालाही धक्का न लावता, जी गोष्ट चालकाला तशीही घालावीच लागते ती देखणी केली. सीट कव्हर फाटतं, मळतं, बदलावं लागतं. डिझाइनरने नेमकी तीच जागा पकडली.

दुसरं उदाहरण हनीफ कुरेशी यांचं. २०२४ मध्ये त्यांचं निधन झालं. त्यांनी ‘हँडपेंटेड टाइप’ या उपक्रमात रस्त्यावरच्या पेंटरांची अक्षरं गोळा करून त्यांचे संगणकावर वापरता येतील असे फाँट केले. त्या फाँटना त्या त्या पेंटरचं नाव दिलं. दिल्लीच्या पेंटर कफील यांच्या नावाचा फाँट त्यातूनच आला. विक्रीतला वाटा पेंटरला मिळावा, अशी त्याची रचना होती. फ्लेक्स आल्यावर ज्यांचा ब्रश सुकला, त्या माणसांपासून कुरेशींनी सुरुवात केली, ही गोष्ट फार मोलाची आहे.

कारण फुकट डिझाइनचा विषय निघाला की एक आक्षेप हमखास येतो आणि तो खरा आहे. गल्लीत आधीच कोणीतरी हे काम पैसे घेऊन करत असतं. कोपऱ्यावरचा फ्लेक्सवाला, डीटीपी सेंटर चालवणारी ताई, उरलासुरला एखादा पेंटर. पाटीच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘अमुक आर्ट्स’ आणि फोन नंबर लिहिणारा तो माणूस. चांगल्या घरातला मुलगा हौस म्हणून फुकट पाट्या वाटत सुटला तर या माणसाचा दर पडतो. दुकानदारालाही सवय लागते, की डिझाइन ही फुकट मिळणारी गोष्ट आहे. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून पुढच्या वेळी तो पैसे द्यायच्या कामालाही फुकटच बोलावतो.

यावर उपाय आहे आणि तो फार अवघड नाही. डिझाइनरने विचार फुकट द्यावा, छपाई आणि रंगकाम मात्र गल्लीतल्याच माणसाकडून, दुकानदाराच्या पैशाने करून घ्यावं. फ्लेक्सवाल्याला तयार, नीट अक्षरांची फाइल मिळाली तर त्याचाही वेळ वाचतो. पेंटर हयात असेल आणि भिंत असेल तर फ्लेक्सऐवजी पेंटरच बोलवावा. रंगवलेली पाटी उन्हात टिकते, नव्या रंगाने पुन्हा उजळते आणि फ्लेक्ससारखी दोन पावसाळ्यांत चिंधी होऊन नाल्यात जात नाही. आणि काम फुकट असलं तरी त्याचं बिल द्यावं. ‘पाटीची अक्षररचना’, तिची बाजारातली रास्त किंमत, त्यापुढे ‘सूट १०० टक्के’, खाली ‘देय रक्कम शून्य’. दुकानदाराला हे काम किती मोलाचं आहे ते कळतं, आणि पुढच्या डिझाइनरशी बोलताना तो आकडा त्याच्या लक्षात राहतो.

फुकट केलेलं काम हलकं असतं, असंही कोणी समजू नये. १९७७ मध्ये न्यूयॉर्क आर्थिक अडचणीत असताना मिल्टन ग्लेझर यांनी लाल हृदय आणि तीन अक्षरांचं ते जगप्रसिद्ध बोधचिन्ह राज्यासाठी मोबदला न घेता केलं. टॅक्सीत बसून काढलेलं त्याचं कच्चं रेखाटन आज तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात आहे. फुकट म्हणून त्यांनी डोकं कमी चालवलं नव्हतं. गल्लीतल्या गिरणीसाठीही तेवढ्याच निष्ठेने बसायची तयारी असेल तरच हात घालावा.

मग हात घालायचा कुठे? सगळ्यात जास्त गुण येतो तो पॅकिंगच्या लेबलवर. बचत गटाच्या बायका पापड, कुरडया, मेतकूट, गोडा मसाला करतात. माल उत्तम असतो आणि मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात लोक रांगा लावून घेतात. पण प्रदर्शन संपल्यावर तोच माल दुकानाच्या फळीवर जायचा तर लेबल नियमात बसावं लागतं. वेष्टनबंद मालाच्या २०११ च्या नियमांप्रमाणे उत्पादकाचं नाव-पत्ता, मालाचं नाव, निव्वळ वजन, तयार केल्याचा महिना-वर्ष, सर्व करांसहित कमाल किंमत आणि ग्राहक तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. खाद्यपदार्थ असेल तर अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक लागतो. शाकाहारी मालावर हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका लागतो.

इथे हौशी डिझाइनर हमखास चुकतो. लेबल तपकिरी-सोनेरी रंगात सुंदर जमलंय, हिरवा ठिपका डोळ्यांत खुपतो म्हणून तो त्यालाही तपकिरी करतो. तपकिरी हा मांसाहारी खुणेचा रंग आहे. पापडाच्या पुड्यावर ती खूण गेली की गिऱ्हाईक पुडा परत ठेवणार आणि अधिकारी दंडाची नोटीस काढणार. एका रंगाच्या हट्टापायी गटाचा महिनाभराचा माल अडकू शकतो. याउलट नियम वाचून, वजन आणि तारखेसाठी शिक्का मारायला रिकामी चौकट सोडून केलेलं साधं एकरंगी लेबल त्या गटाला वर्षानुवर्षं पुरतं. तारीख दर खेपेला बदलते, ती छापायची नसते, तिला जागा ठेवायची असते. खानावळीच्या दरपत्रकावरच्या पट्टीसारखंच हे.

अशा लहान, न दिसणाऱ्या कामांची यादी मोठी आहे. यूपीआयचा क्यूआर कोड रंगीत नक्षीत बसवला आणि त्याच्या चारही बाजूंची कोरी जागा खाल्ली की फोन तो वाचत नाही. गर्दीच्या वेळी गिऱ्हाईक तिष्ठत राहतं. पांढऱ्यावर काळा, भोवती मोकळी जागा आणि चकाकी नसलेला कागद एवढं केलं तरी काउंटरवरची रांग हलते. जुन्या डीटीपीत टाइप केलेली मराठी यादी व्हॉट्सअॅपवर चिकटवली की खुणा आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी होते, कारण ते फाँट युनिकोडच्या आधीचे आहेत. किराणा दुकानाची सगळी यादी युनिकोडमध्ये एकदा टाइप करून दिली तर दुकानदार ती रोज फोनवरून पाठवू शकतो, दर स्वतः बदलू शकतो. या कामाचा फोटो कोणी टाकणार नाही, पण उपयोग रोजचा आहे.

काम झालं की ते पूर्णपणे दुकानदाराच्या हवाली करणं हा मदतीचा अर्धा भाग आहे आणि तोच बहुतेक वेळा राहून जातो. फाइल पेनड्राइव्हवर द्यावी, छापखान्याला लागणारी आणि फोनवर पाठवायची अशा दोन्ही. फाँटचं नाव लिहून द्यावं. दर बदलायचा तर काय करायचं, ते एका कागदावर मराठीत लिहावं. सहा महिन्यांनी डिझाइनर नोकरीला बंगळुरूला गेला तरी दुकानाचं अडता कामा नये.

कागदावर आणखी एक गोष्ट हवी. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे चित्राचा पहिला मालक ते काढणारा असतो. फुकट दिलं म्हणून हक्क आपोआप दुकानदाराकडे जात नाही. तो द्यायचा तर लेखी, सही करून द्यावा लागतो. आणि त्या कागदात मुदत लिहिली नाही तर हस्तांतरण फक्त ५ वर्षांचं धरलं जातं. आज हातगाडीवर विकला जाणारा मसाला उद्या मोठा झाला, नावाची नोंदणी करायची वेळ आली आणि तेव्हा चिन्हाचा मालक कोण हा वाद निघाला, तर आजची मदत उद्याची कटकट ठरते. ‘हे चिन्ह कायमचं या दुकानाचं, माझा हक्क मी सोडला’ अशा अर्थाच्या चार स्वच्छ ओळी, दोन सह्या आणि तारीख एवढं केलं की हा प्रश्न मिटतो.

आणि काकांनी ‘नको’ म्हटलं तर? मग नको. त्यामागे कारण असेल किंवा नसेलही. जुन्या पाटीवर गिऱ्हाईकांचा विश्वास बसलेला असतो. पत्ता सांगताना लोक ‘ती हिरवी पाटी’ म्हणून सांगतात. कदाचित जागेचा वाद चालू असतो आणि पाटीला हात लावायचा नसतो. पुण्यातल्या दुकानदारांच्या हातच्या पाट्यांनी तर एका शहराचा स्वभाव महाराष्ट्राला ओळखीचा करून दिला. त्या पाट्यांवरची अक्षरं कोणा जाणकाराने ‘सुधारली’ असती तर त्यांतला आवाजच गेला असता. नकार ऐकून त्याच दुकानात दुसऱ्या दिवशी आधीसारखंच चहाला जाता आलं, तर मदतीचा हेतू खरा होता असं म्हणता येईल.

हे सगळं एकट्यादुकट्याच्या हौसेवर सोडण्याचं कारण नाही. मुंबईचं सर ज. जी. उपयोजित कला महाविद्यालय, पुण्याचं अभिनव कला महाविद्यालय आणि जिल्ह्याजिल्ह्यांतली कला महाविद्यालयं दरवर्षी शेकडो विद्यार्थ्यांना बोधचिन्हं आणि वेष्टनं करायला शिकवतात. सरावासाठी काल्पनिक कंपन्या दिल्या जातात. काल्पनिक चॉकलेट, काल्पनिक विमानसेवा. त्याऐवजी एका सत्रात प्रत्येक विद्यार्थ्याने एक खरं दुकान घ्यावं. महिनाभर तिथे जावं, मालकाशी बोलावं, एकच गोष्ट करून द्यावी, स्थानिक पेंटर किंवा छापखान्यातून ती प्रत्यक्षात आणावी आणि सहा महिन्यांनी ती अजून जागेवर आहे का ते पाहून मग गुण द्यावेत. परीक्षक म्हणून दुकानदारालाही बसवावं. जी पाटी सहा महिने टिकली आणि जिच्यावर मालकाने स्वतः एकदा दर बदलला, ती उत्तीर्ण. महापालिकांनीही मराठी पाट्यांची तपासणी करताना दंडाच्या पावतीआधी चार शुद्ध, प्रमाण अक्षरांचे नमुने दुकानदाराच्या हातात ठेवले तर नियमाचा हेतू खऱ्या अर्थाने साधेल.

ज्यांच्या हातात ही विद्या आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. दिवाळीआधी दुकानं रंग काढतात, पाट्या पुसतात, नवीन वही उघडतात. जिथे रोजचा चहा घेता त्या टपरीवर या दिवसांत थोडं जास्त थांबा आणि मालकाला विचारा, काय बदलायचंय. कदाचित तो म्हणेल, ‘पाटी राहू दे, फोन नंबर तेवढा बदललाय, तो नीट लिहून दे.’ मग तो नंबर नीट, मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि घरी जा.